बर्फातल्या पाहुण्याचं घर

मुलांनो, म्युझियम म्हटलं की काय आठवतं? काचेची कपाटं, जुन्या तलवारी आणि ‘हात लावू नये’ ही पाटी! पण इटलीच्या उत्तरेला, आल्प्स पर्वताच्या कुशीत बोलझानो नावाचं शहर आहे. तिथल्या संग्रहालयात चक्क एक माणूस मुक्कामाला आहे. किती जुना? सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा!

त्याला सगळे ‘ओट्झी’ म्हणतात. हे काही त्याचं खरं नाव नव्हे बरं का! ओट्झ खोऱ्याच्या डोंगरात सापडला, म्हणून ओट्झी.

१९ सप्टेंबर १९९१ची गोष्ट. एक जर्मन जोडपं ३२१० मीटर उंचीवर डोंगरातून चाललं होतं. वितळलेल्या बर्फातून एका माणसाची पाठ वर आलेली त्यांना दिसली. सगळ्यांना वाटलं, अपघातात गेलेला कुणी गिर्यारोहक असेल. मग काय, त्याला काढायला यांत्रिक छिन्नी चालवली! त्याच्या कमरेला इजा झाली, जवळचं धनुष्य मोडलं. पुढे इन्सब्रुकला पुरातत्त्वज्ञ कोनराड स्पिंडलर यांनी त्याची तांब्याची कुऱ्हाड पाहिली आणि सांगितलं, हा निदान ४००० वर्षांपूर्वीचा आहे!

मग प्रश्न आला, हा पाहुणा कोणाचा? ऑस्ट्रियाचा की इटलीचा? सरहद्द मोजली, तर तो ९२.५६ मीटर इटलीच्या हद्दीत निघाला. म्हणून १९९८ साली तो बोलझानोच्या नव्या संग्रहालयात राहायला आला.

तिथे त्याचा थाट बघा. खोलीत उणे ६ अंश तापमान, हवेत जवळजवळ ९९ टक्के ओलावा. मधूनमधून अंगावर शुद्ध पाण्याचा फवारा मारतात, की त्याचा बर्फाचा पातळ थर बसतो. जशी हिमनदी होती, तशीच खोली! आपण त्याला पाहायचं ते छोट्याशा खिडकीतून.

हा पाहुणा बोलत नाही, पण सांगतो खूप. अंगावर ६१ गोंदणं आहेत. डोक्याला अस्वलाच्या कातड्याची टोपी, बुटात उबेसाठी गवत. पोटात रानबोकडाचं मांस आणि गहू सापडला. आणि २००१ साली क्ष-किरणांनी एक गुपित फोडलं. त्याच्या डाव्या खांद्यात बाणाचं दगडी टोक रुतलेलं होतं! कुणीतरी मागून बाण मारला होता. कुणी आणि का, ते मात्र आजही कोडंच आहे.

आता विचार करा. बर्फात ५३०० वर्षं जे धनुष्य टिकलं, ते माणसांच्या घाईत मोडलं. त्यांना ठाऊक नव्हतं, हे खरं. पण आपल्याला आता ठाऊक आहे ना? शेतात, विहिरीच्या खोदकामात जुनं नाणं, मडकं, हाड दिसलं, तर ओढून काढायचं नाही. आहे तिथेच राहू द्यायचं आणि आधी मोठ्यांना बोलवायचं. म्युझियममधली ती ‘हात लावू नये’ची पाटी तिथेही आहेच, असं समजा!