मताचे वजन

तुम्ही कधी मुशायरा ऐकला आहे का? शायर एक शेर म्हणतो. पहिल्या रांगेत बसलेले एखादे वडीलधारे शायर 'वाहवा' म्हणतात. लगेच मागच्या रांगाही डोलू लागतात. तोच शेर कोणी नवखा मुलगा म्हणतो आणि दाद येते ती अगदी मागच्या कोपऱ्यातून, एकट्या माणसाची. ती तेथेच विरून जाते. शेर बदललेला नाही, मग दाद का बदलली? ती शेराला मिळाली, की पहिल्या रांगेला?

हाच प्रश्न इंटरनेटवर पैशांसह उभा राहिला. त्याची हकिकत तुम्हांला सांगतो.

इंटरनेटवर लोक आपले लेख, चित्रे, छायाचित्रे मांडतात. इतर लोक ती पाहतात आणि पसंती देतात. बहुतेक ठिकाणी ही पसंती म्हणजे नुसती एक खूण असते. तिने लेखकाचे मन सुखावते, पोट भरत नाही. २०१६ साली अमेरिकेत नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर या दोघांनी 'स्टीमिट' नावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. तेथे पसंतीला मोल होते. ज्याच्या लेखाला मते मिळतील, त्याला 'स्टीम' नावाची नाणी मिळत. ही नाणी खिशात खुळखुळत नाहीत. ती संगणकातील नोंदीच असतात. पण बाजारात ती विकली की खरे पैसे मिळतात. ४ जुलै २०१६ रोजी लेखकांना पहिल्यांदा मोबदला वाटला गेला.

हे पैसे देत कोण होते? वाचक तर एक पैसाही देत नव्हते. रोज काही नवी नाणी तयार होत. त्यांतील मोठा भाग एका सामाईक राशीत जाई आणि मतांच्या प्रमाणात वाटला जाई. म्हणजे भाकरी एकच. एकाच्या ताटात मोठा तुकडा पडला, की दुसऱ्याचा तुकडा लहान होणारच.

आता खरी गंमत पाहा. आपल्या निवडणुकीत शेटजीचे मतही एक आणि हमालाचे मतही एक. स्टीमिटवर तसे नव्हते. ज्याने जितकी नाणी न विकता अडकवून ठेवली असतील, तितके त्याच्या मताला वजन. मराठीत आपण म्हणतोच ना, 'अमक्याचे गावात वजन आहे'! येथे ते वजन अक्षरशः मोजले जाई. जड सभासदांना लोक 'देवमासे' म्हणत आणि हलक्यांना चिमुकल्या माशांचे नाव होते. शेकडो चिमुकल्या माशांनी एखादा लेख उचलून धरला, तरी मोबदला किरकोळ मिळे. एका देवमाशाने नुसते शेपूट हलवले, की लेखक मालामाल.

त्यातच जून २०१७ पर्यंत तेथे वर्गाचा नियम होता. समजा, एका लेखाला १० वजनाची मते मिळाली आणि दुसऱ्याला २० वजनाची. तुम्ही म्हणाल, दुसऱ्याला दुप्पट पैसे. पण हिशोब १० चा वर्ग आणि २० चा वर्ग असा होई, म्हणजे १०० आणि ४००. दुप्पट मतांना चौपट मोबदला! पुढे हा नियम काढून टाकला.

असा पक्षपाती नियम मुळात केला तरी का? त्यामागेही एक विचार होता. ज्याची नाणी अडकलेली आहेत, त्याला त्या जागेच्या भल्याची काळजी असणार. तो चांगल्याच लेखाला मत देईल, असे मानले गेले. कागदावर हा विचार बरा दिसतो. प्रत्यक्षात काही जण स्वतःच्याच लेखांना मते देऊ लागले. काहींनी तर आपली मते चक्क विकायला काढली. शिवाय मत देणाऱ्यालाही मोबदल्याचा वाटा मिळे. पुष्कळ काळ तो चौथा हिस्सा होता, २०१९ मध्ये निम्मा झाला. त्यामुळे 'मला काय आवडले?' या प्रश्नाऐवजी 'इतरांना काय आवडेल?' हा प्रश्न मोठा झाला. माझ्या मते खरा घोटाळा येथेच झाला.

पण हा सारा दोष नाण्यांचा म्हणावा का? नाणी बाजूला ठेवली आणि सर्वांना सारखे मत दिले, तर गुणालाच बक्षीस मिळेल का? याचे उत्तर एका प्रयोगात सापडते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी तो केला. २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांनी अनोळखी गायकमंडळांची ४८ गाणी इंटरनेटवर ठेवली. १४,३४१ जणांनी त्यांत भाग घेतला. त्यांतले पुष्कळसे तुमच्यासारखे किशोरवयीन होते. गाणे ऐकायचे, गुण द्यायचे, आवडले तर फुकट उतरवून घ्यायचे.

काही जणांना फक्त गाण्यांची नावे दिसत. बाकीच्यांचे आठ गट पाडले होते. त्यांना आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी घेतले, तेही दिसत असे. गाणी तीच, सुरुवात प्रत्येक गटात शून्यापासून. तरीही आठ गटांत आठ वेगवेगळे निकाल लागले! 'लॉकडाउन' नावाचे एक गाणे होते. जे एकेकटे ऐकत होते, त्यांच्यात ते २६ वे आले. एका गटात ते पहिले आले, तर दुसऱ्या एका गटात ४० वे. पहिल्या काही जणांनी योगायोगाने ते उचलले, की पुढचे त्यांच्या मागे जात. हेच नशीब. शिवाय आकडे दिसत असले, की पुढची गाणी फार पुढे जात आणि मागची फार मागे पडत.

म्हणजे गुणाला किंमत नाही, असे मात्र समजू नका. अगदी उत्तम गाणी क्वचितच तळाला गेली आणि अगदी वाईट गाणी क्वचितच वर चढली. नशिबाचा खेळ चालला तो मधल्या मोठ्या घोळक्यात. आणि खरे सांगायचे, तर आपल्यापैकी बहुतेक जण त्याच घोळक्यात असतात.

स्टीमिटचे पुढे काय झाले? २०२० च्या फेब्रुवारीत जस्टिन सन या उद्योजकाने ती कंपनी विकत घेतली. कंपनीजवळ सुरुवातीपासून नाण्यांचा मोठा साठा होता. इतक्या वजनाने एकटा माणूस सारे ठरवील, या भीतीने जुन्या सभासदांनी तो साठा गोठवला. मग नाण्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या काही कंपन्यांनी ग्राहकांची नाणीही त्याच्या बाजूने मतदानाला लावली. त्यावर ओरड झाली, काहींनी मते मागेही घेतली. अखेर २० मार्च २०२० रोजी पुष्कळ सभासद वेगळे झाले. त्यांनी नवे जाळे उभारले आणि त्याचे नाव ठेवले 'हाइव्ह', म्हणजे मधमाश्यांचे पोळे. जुन्या सभासदांची शिल्लक त्यांनी तिकडे उतरवून घेतली, कंपनीचा तो साठा मात्र वगळला. मत देण्याची रीत मात्र जुनीच राहिली. या पोळ्यातही मताचे वजन अडकवलेल्या नाण्यांवरूनच ठरते.