बदक नाही, स्टँड हलतंय!

डिसेंबरातली सकाळ. चंद्रपूरजवळच्या जुनोना तलावाचा काठ. अंगात दोन स्वेटर, थर्मासमध्ये चहा आणि समोर माझा नवा कोरा स्पॉटिंग स्कोप. पलीकडच्या काठाला बदकांचा थवा. मी झूम थेट ६०वर नेला आणि काय सांगू, सगळी बदकं थरथरायला लागली! मला वाटलं, थंडी. बरोबरचे गाइडकाका हसले, ‘‘बदक नाही हलून राह्यलं ताई, तुमचं स्टँड हलून राह्यलं.’’

स्कोपसाठी मी सहा महिने पैसे साठवले होते. ट्रायपॉड मात्र कपाटातला, छोट्या कॅमेऱ्याचा. आपल्यापैकी बहुतेक जण इथेच फसतात. बायनॉक्युलर ८ किंवा १० पट मोठं दाखवते. स्कोप २० ते ६० पट. पण तो नुसता पक्षीच मोठा करत नाही, हादराही तितकाच मोठा करतो. वाऱ्याची झुळूक आली, बोट लागलं, की संपलं!

हलक्या स्टँडची किंमत

तिथून मी गडचिरोलीला गेले, गिधाडं बघायला. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची किडनी निकामी व्हायची. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं तर देशात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. जनावरांसाठी या औषधावर २००६मध्ये बंदी आली. गडचिरोलीत वन विभागाने गिधाडांसाठी चक्क ‘उपाहारगृहं’ही काढली होती. मेनू एकच, औषधमुक्त मेलेलं जनावर.

लांबवर आठ-दहा गिधाडं जेवत होती. पांढऱ्या पुठ्ठ्याची की लांब चोचीची? पाठीचा खालचा भाग पांढरा आहे का, एवढंच बघायचं होतं. पण स्कोपमध्ये नुसता हलता तपकिरी डाग. म्हणून मी चार पावलं पुढे गेले. मग आणखी चार. आणि सगळा थवा भरल्या ताटावरून उठला. परत आलाच नाही. गाडीत कोणी काही बोललं नाही. खरं तर कुणीतरी ओरडायला हवं होतं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चांगला ट्रायपॉड म्हणजे चैन नाही. तो आपल्याला लांब उभं राहू देतो.

दुकानात जाताना

* वजन : स्कोप आणि हेड यांच्या एकत्र वजनाच्या किमान दुप्पट भार पेलणारा ट्रायपॉड घ्या. कार्बन फायबर हलकं, पण महाग. बजेट कमी असेल तर दणकट अॅल्युमिनियम बिनधास्त घ्या.
* हेड : बॉल हेड फोटोंसाठी मस्त, पण सैल केलं की स्कोप कुठेही लवंडतो. एका दांड्याचं फ्लुइड हेड घ्या, उडता पक्षीही सहज पकडता येतो.
* उंची : मधला दांडा वर न काढता आयपीस डोळ्यापर्यंत यायला हवा. दांडा जितका वर, तितकी थरथर जास्त. तिरक्या आयपीसच्या स्कोपला कमी उंचीचा ट्रायपॉडही चालतो.
* टिचकी टेस्ट : आपला स्कोप दुकानात न्या, झूम पूर्ण करा, पायाला टिचकी मारा. चित्र एक-दोन सेकंदांत थांबलं तर पास.
* जुगाड : मधल्या दांड्याखाली हुक असेल तर सॅक अडकवा. वाऱ्यात फरक कळेल.

आणि हो, ताडोबाच्या जिप्सीत ट्रायपॉड नेऊ नका. खाली उतरायला बंदी आणि आत पसरायला जागा नाही. तिथे बीनबॅगच बरी. शिवाय ऊन चढलं की चंद्रपूरची तापलेली हवाच लहरते, तिच्यापुढे कुठलाच ट्रायपॉड चालत नाही. सकाळी लवकर उठा!

फेब्रुवारीत मी पुन्हा गडचिरोलीला गेले. नवा ट्रायपॉड खांद्याला जड होता, वाटेत दोनदा शिव्या घातल्या. पण या वेळी पहिल्यापेक्षा दुप्पट लांब थांबले. एका गिधाडाने पंख झाडले आणि पाठीवरचा पांढरा पट्टा स्वच्छ दिसला. ते शांतपणे जेवत राहिलं. मीही डबा उघडला.