अकरा वाजून दहा मिनिटं

टेबलावर कोरे कागद, पेन्सिल आणि स्टॉपवॉच. मेंदूची तपासणी म्हणजे मोठी मशीन असेल, अशा समजुतीनं आलेल्या बापलेकांची थोडी निराशाच झाली. काकाजींची मोर्शीजवळ संत्र्याची बाग आहे. शिक्षण चौथी, वय सत्तरीपार. हल्ली एकच गोष्ट चारदा विचारतात. मानसतज्ज्ञ बाईंनी आधी चष्मा आणि कान तपासले, कारण कमी ऐकू येणारा माणूस विसराळू ठरायला वेळ लागत नाही. मग मधेमधे उत्तरं सुचवणाऱ्या मुलाला मागच्या खुर्चीवर बसवलं.

"आज तारीख काय, काकाजी?"

"तारीख नाई सांगता येत बाई. मृगाचा ताण सुरू हाये बगिच्यात."

तारखेचा गुण गेला, ऋतूचा मिळाला. मे महिना होता, आणि मृग बहारासाठी पाणी याच दिवसांत तोडतात.

फोल्स्टाइन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी 1975 साली अमेरिकेत बेतलेली तीस गुणांची चाचणी आजही जगभर वापरतात. तीत शंभरातून सात-सात वजा करायचे, एक वाक्य लिहायचं. शाळेचं तोंड न पाहिलेला धडधाकट माणूसही इथं गुण गमावतो. म्हणून 1990च्या दशकात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगडला निरक्षरांसाठी तिचं हिंदी रूप तयार केलं. 'डोळे मिटा' हे वाचण्याऐवजी समोरच्यानं मिटले की आपणही मिटायचे. मला हा बदल मूळ चाचणीपेक्षा हुशारीचा वाटतो.

बाईंनी सांगितलेले शब्द काही मिनिटांनी परत विचारले. काकाजी गप्प. "एक फळ होतं," बाईंनी धागा दिला. "संत्रा!" उत्तर तत्काळ आलं, पण शब्द होता आंबा. संत्रा यादीत मुद्दामच नव्हता. इथं फळ म्हटलं की दुसरं काय आठवणार? धागा दिल्यावर शब्द सापडला, तर तो साठवलेला असतो, फक्त हाती लागत नसतो. धाग्यानंही सापडत नसेल, तर साठवणीवरच, म्हणजे हिप्पोकॅम्पसच्या कामावर शंका येते.

मग घड्याळ काढायचं होतं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. आकडे नीट बसले. लहान काटा अकरावर गेला आणि मोठा थेट दहावर. तो दोनवर हवा, हे काकाजी एरवी सांगतील. पण कानावर पडलेल्या 'दहा'नं हात ओढला. ती ओढ आवरणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम.

"किती मार्क भेटले?" मुलानं विचारलं. बाईंनी आकडा सांगायच्या आधी उलट त्यालाच विचारलं: मजुरांचे पैसे कोण मोजतं? गोळ्या स्वतः घेतात का? शेतातून घरी येताना चुकले होते का? झोप, उदासी, भूक यांचीही चौकशी झाली. थायरॉइड आणि बी-12 कमी असलं तरी स्मरण ढासळू शकतं, म्हणून रक्ततपासणी लिहून दिली; मेंदूच्या स्कॅनसाठी अमरावतीला जायला सांगितलं. सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी आहे. तेव्हा शब्दांची यादी दुसरी असेल, नाहीतर सरावाचे गुण स्मरणाच्या खात्यात जमा व्हायचे.