दातांना तार लावायची आहे? ब्रेसेसचा प्रकार निवडण्याआधी हे समजून घ्या

‘मेटलच्या घेऊ की सिरॅमिकच्या?’, ‘अलाइनरने खरंच दात सरळ होतात का?’, ‘तार किती महिने ठेवावी लागेल?’ दातांना तार लावायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती प्रकाराची आणि खर्चाची. सोशल मीडियावरच्या जाहिरातीही याच प्रश्नांभोवती फिरतात. ऑर्थोडॉन्टिस्टच्या खुर्चीत मात्र हा प्रश्न बऱ्याच उशिरा येतो. अडचण दातांची आहे की जबड्याची, दात सरकवायला जागा कुठून आणायची आणि हिरड्या व हाड हे सगळं सोसायला तयार आहेत का, हे आधी ठरतं. कोणती तार लावायची, हे त्यानंतर.

दात सरकतो तरी कसा?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. त्याची जाडी पाव मिलिमीटरहूनही कमी असते. तारेने दातावर हलका दाब दिला की ज्या बाजूला दात ढकलला जातो, त्या बाजूचं हाड शरीर हळूहळू विरघळवतं. मागे मोकळ्या झालेल्या बाजूला नवं हाड तयार होतं. दात जुन्या हाडातून नव्या जागी जातो तो असा.

या कामाला वेळ लागतो. साधारणपणे महिन्याला एक मिलिमीटरच्या आसपास दात सरकतो. जास्त जोर लावला तर काम लवकर होईल, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण होतं उलटंच. दाब वाढला की त्या जागचा रक्तपुरवठा थांबतो, दात अडून बसतो आणि मुळाचं टोक झिजण्याचा धोका वाढतो. म्हणून बहुतेकांचे उपचार दीड ते दोन वर्षं चालतात, गुंतागुंतीच्या बाबतीत त्याहूनही जास्त.

पहिल्या भेटीत काय होतं?

दात सरळ करण्याच्या उपचारांना ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात. भारतात बीडीएस ही दंतवैद्यकाची पदवी घेतल्यानंतर याच विषयात तीन वर्षांचं एमडीएस केलेल्या डॉक्टरांना ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. पहिल्या भेटीत ते तोंडाची तपासणी करतात आणि आरोग्याची माहिती विचारतात. मधुमेह आहे का, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही गोळ्या चालू आहेत का, निकेलची ॲलर्जी आहे का, तोंडाने श्वास घेण्याची किंवा अंगठा चोखण्याची सवय आहे का, हे सगळं उपचारांवर परिणाम करणारं असतं. त्यामुळे यातलं काहीही लपवू नये.

त्यानंतर पुढच्या गोष्टी होतात:

- दातांचे ठसे घेतले जातात किंवा छोट्या कॅमेऱ्याने तोंडाचं थ्रीडी स्कॅनिंग केलं जातं.
- ओपीजी हा एक्स-रे काढतात. त्यात सगळे दात, त्यांची मुळं, हाडात अडकलेले दात आणि अक्कलदाढा एकाच चित्रात दिसतात.
- चेहऱ्याच्या बाजूने आणखी एक एक्स-रे काढतात. वरचा आणि खालचा जबडा एकमेकांच्या तुलनेत कुठे आहे, हे त्यावर मापं घेऊन ठरवतात.
- चेहऱ्याचे आणि दातांचे फोटो काढतात.

दाढा एकमेकींवर कशा बसतात, हेही पाहिलं जातं. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये यावरून तीन गट पाडले आणि ते आजही वापरात आहेत. पहिल्या गटात दाढा जागेवर असतात, पण पुढचे दात वेडेवाकडे किंवा विरळ असतात. दुसऱ्या गटात खालच्या दाढा प्रमाणापेक्षा मागे असतात, तिसऱ्या गटात त्या पुढे आलेल्या असतात.

दात पुढे आलेत की जबडा मागे राहिलाय?

एवढ्या तपासण्या कशासाठी, याचं उत्तर या प्रश्नात आहे. समजा, दोघांचे वरचे दात पुढे आलेले दिसतात. आरशात अडचण सारखीच दिसते. पण एकाच्या बाबतीत खरोखर दातच पुढे झुकलेले असू शकतात, तर दुसऱ्याचा खालचा जबडा पुरेसा वाढलेला नसतो आणि त्यामुळे वरचे दात पुढे वाटतात. पहिल्याला तारेने फायदा होईल. दुसरा वाढीच्या वयातला असेल, तर आधी जबड्याच्या वाढीला वळण देणारं उपकरण वापरता येतं. तो पंचवीस वर्षांचा असेल तर वाढ संपलेली असते. मग तारेने शक्य तेवढी जुळवाजुळव करायची की जबड्याची शस्त्रक्रियाही करायची, हे ठरवावं लागतं. मैत्रिणीला चाललेला उपचार आपल्याला चालेलच असं नाही, ते यामुळे.

दात काढावेच लागतात का?

प्रत्येकाला नाही. गर्दी झालेल्या दातांना रांगेत बसवायचं तर जागा लागते. थोडीच जागा हवी असेल तर दातांच्या कडा मिलिमीटरच्या काही अंशाने घासून ती मिळवता येते. लहान वयात वरचा जबडा रुंद करता येतो. काही वेळा हाडात छोटा स्क्रू बसवून त्याच्या आधाराने दात मागे खेचतात. गर्दी फार असेल किंवा दात बरेच आत घ्यायचे असतील, तर सुळ्याच्या मागची छोटी दाढ काढण्याचा सल्ला दिला जातो. ती जागा उपचार संपेपर्यंत भरून येते. दात का काढायचा आणि न काढल्यास काय होईल, हे एक्स-रे दाखवून समजावून सांगायला डॉक्टरांना जरूर सांगावं.

कोणत्या वयात सुरुवात करावी?

अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स ही संघटना वयाच्या सातव्या वर्षापर्यंत पहिली तपासणी करून घ्यायला सांगते. याचा अर्थ सातव्या वर्षी तार लावायची, असा नाही. त्या वयात पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे काही दात आलेले असतात, त्यामुळे पुढे काय अडचण येणार याचा अंदाज बांधता येतो. वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील, तर ते लवकर सुधारलेलं बरं. बहुतेक मुलांना तार लागते ती दुधाचे दात पडून गेल्यावर, साधारण ११ ते १४ या वयात.

मोठ्या माणसांचेही दात सरकतात. चाळिशीनंतरही उपचार होऊ शकतात. अट एवढीच की हिरड्या निरोगी हव्यात. हिरड्यांच्या आजाराने हाड झिजलेलं असेल, विशेषतः तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल, तर आधी त्यावर उपचार करावे लागतात. किडलेले दात भरणं आणि दातांची सफाई हेही तार लावण्याआधीच होतं.

ब्रेसेसचे मुख्य प्रकार

मेटल ब्रेसेस: प्रत्येक दातावर स्टीलचा छोटा ब्रॅकेट चिकटवतात आणि त्यातून तार ओवतात. या सर्वांत मजबूत आणि सहसा सर्वांत स्वस्त असतात. गुंतागुंतीच्या अडचणीतही यांच्यावर भरवसा ठेवता येतो. दिसतात, ही एकच मोठी तक्रार.

सिरॅमिक ब्रेसेस: काम तसंच, पण ब्रॅकेट दाताच्या रंगाचे किंवा पारदर्शक असतात. ते स्टीलपेक्षा ठिसूळ आणि आकाराने थोडे मोठे असतात. ब्रॅकेट पिवळे पडत नाहीत, पण त्यावरच्या पारदर्शक रबरी कड्यांना हळदीचा रंग पटकन चढतो. रोज आमटी-भाजी खाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पुढच्या भेटीत कड्या बदलून मिळतात.

सेल्फ-लायगेटिंग ब्रेसेस: यात रबरी कड्या नसतात, ब्रॅकेटच्याच छोट्या झाकणाने तार धरून ठेवली जाते. सफाई थोडी सोपी होते. ‘यांनी दात लवकर सरळ होतात’ असा प्रचार केला जातो. आजवरच्या अभ्यासांत मात्र एकूण कालावधीत ठळक फरक दिसलेला नाही.

लिंग्वल ब्रेसेस: दातांच्या आतल्या, म्हणजे जिभेकडच्या बाजूला बसवतात. बाहेरून अजिबात दिसत नाहीत. सुरुवातीला जीभ घासते, बोलताना अडखळायला होतं आणि खर्चही बराच येतो.

अलाइनर: पारदर्शक प्लॅस्टिकचे, काढता-घालता येणारे साचे. प्रत्येक साचा दातांना थोडंसं सरकवतो आणि एक-दोन आठवड्यांनी पुढचा साचा घालायचा. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या अलाइन टेक्नॉलॉजी कंपनीने ‘इनव्हिझलाइन’ या नावाने हे तंत्र लोकप्रिय केलं. जेवताना काढता येतात, हा मोठा फायदा. पण दिवसातले २० ते २२ तास घालावे लागतात. शिस्त नसेल तर उपचार लांबतात. सगळ्याच गुंतागुंतीच्या अडचणींत ते पुरेसे पडत नाहीत.

तार बसवण्याचा दिवस

या दिवशी इंजेक्शन लागत नाही. दात स्वच्छ करून त्यावर काही सेकंद आम्लाची जेल लावतात. त्यामुळे पृष्ठभाग किंचित खरबरीत होतो आणि ब्रॅकेट घट्ट चिकटतो. हे तंत्र मायकेल ब्युओनोकोर या दंतवैद्याने १९५५ मध्ये मांडलं. ते रुळण्याआधी प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी बसवावी लागे.

पहिली तार बहुधा निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. हा धातू १९६०च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विकसित झाला. वाकवला तरी तो मूळ आकारात परत येऊ पाहतो, त्यामुळे दातांवर हलका आणि सतत दाब राहतो. बसवताना दुखत नाही. दुखणं सुरू होतं ते काही तासांनी, आणि तीन-चार दिवसांत ओसरतं. तेवढे दिवस मऊ खिचडी, वरण-भात, उपमा खावा. ब्रॅकेट गालाला घासत असेल तर डॉक्टर देतात ते मेण त्यावर लावावं.

नंतर चार ते आठ आठवड्यांनी तपासणीला जावं लागतं. चिक्की, ऊस, फुटाणे, कडक चकली, भाजलेलं कणीस दातांनी तोडून खाणं बंद. पेरू-सफरचंद फोडी करून खावं. ब्रॅकेट निघाला की त्या दाताचं काम तिथेच थांबतं. प्रत्येक जेवणानंतर दात घासणं गरजेचं असतं. तसं केलं नाही, तर तार निघाल्यावर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग उरलेले दिसतात. ती किडीची सुरुवात असते.

घरपोच अलाइनर घ्यावेत का?

तपासणी गाळून उपचार सुरू केले तर काय होऊ शकतं, याचं मोठं उदाहरण अमेरिकेत घडलं. २०१४ मध्ये सुरू झालेली स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी ग्राहकांकडून घरच्या घरी दातांचे ठसे मागवून किंवा दुकानात स्कॅन करून अलाइनर घरपोच पाठवत असे. डिसेंबर २०२३ मध्ये ती अचानक बंद पडली आणि उपचार अर्धवट असलेले ग्राहक वाऱ्यावर सोडले गेले.

कंपनी चालू असली तरी मूळ धोका राहतोच. फोटोत किंवा ठशात हाड दिसत नाही, मुळं दिसत नाहीत, हाडात अडकलेला दातही दिसत नाही. हाड झिजलेल्या दातावर दाब दिला तर तो सरळ होण्याऐवजी हलू लागू शकतो. अलाइनर घेण्यात चूक नाही, पण एक्स-रे पाहून योजना आखणारा आणि दर थोड्या दिवसांनी तोंड तपासणारा डॉक्टर हवाच.

तार निघाली म्हणजे संपलं?

नाही. नवं हाड पक्कं व्हायला आणि ताणलेले तंतू स्थिरावायला वेळ लागतो. तोवर दात जुन्या जागी परतू पाहतात. ते थोपवण्यासाठी रिटेनर देतात. काहींच्या पुढच्या दातांच्या मागे बारीक तार कायम चिकटवतात, तर काहींना काढता येणारा साचा मिळतो. सुरुवातीला तो जवळपास दिवसभर, नंतर फक्त रात्री घालायचा असतो, तोही अनेक वर्षं. दोन वर्षांच्या उपचारांवर पाणी पडतं ते बहुतेकदा रिटेनरचा कंटाळा केल्याने.

पैसे भरण्याआधी हे विचारा

- अडचण दातांची आहे की जबड्याची?
- दात काढावे लागतील का? पर्याय आहे का?
- माझ्यासाठी कोणकोणते प्रकार चालतील, आणि कोणते चालणार नाहीत?
- अंदाजे किती महिने लागतील?
- सांगितलेल्या खर्चात एक्स-रे, निघालेले ब्रॅकेट पुन्हा बसवणं आणि रिटेनर धरलेले आहेत का?
- मधेच गाव बदललं तर एक्स-रे आणि उपचारांची कागदपत्रं मिळतील का?

खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल तर दंत महाविद्यालयांचा पर्याय आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तर मुंबईत महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालयही आहे. तिथे एमडीएसचे विद्यार्थी अनुभवी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त द्यावा लागू शकतो, पण तपासणी आणि नियोजन पद्धतशीर होतं आणि खर्च बराच कमी येतो.