एका संगणकात दोन बिऱ्हाडे

भंडारा जिल्ह्यातील सिहोरा येथे राहून चित्रफितींचे संकलन करणाऱ्या तरुणाला खेळांसाठी दुसरा संगणक घेणे सहसा परवडणारे नसते. अशा वेळी एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली बसविता येतात. यालाच ‘ड्युअल बूट’ म्हणतात. संगणक सुरू होताना हवी ती प्रणाली निवडायची. एका वेळी एकच प्रणाली चालत असल्याने प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांची पूर्ण क्षमता तिला मिळते.

खरेदीपूर्वी सॉफ्टवेअरची यादी करावी. फोटोशॉपची लिनक्स आवृत्ती नाही. ‘व्हॅलोरंट’ हा खेळही संगणकावर विंडोजच मागतो. ब्लेंडर, क्रिता, गिंप मात्र दोन्हींकडे विनामूल्य चालतात. सारे विंडोजवरच भागत असेल, तर दुसऱ्या प्रणालीचा खटाटोप नको. २०२० पासून आलेल्या अ‍ॅपल चिपच्या मॅकवर तर बूट कॅम्पद्वारे विंडोज बसविण्याची सोयच उरलेली नाही.

लॅपटॉपपेक्षा डेस्कटॉप बरा. त्याचे सुटे भाग पुढे बदलता येतात. रॅम किमान १६ जीबी असावी आणि एसएसडी शक्यतो दोन घ्याव्यात, प्रत्येक प्रणालीला स्वतंत्र. एकाच डिस्कवर दोन्ही असल्यास विंडोजच्या अपडेटनंतर कधी कधी लिनक्स सुरूच होत नाही.

प्रणाली बसविण्यापूर्वी सर्व कामाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवावी. खेळ पुन्हा उतरवून घेता येतो; ग्राहकाच्या लग्नाचे चित्रीकरण पुन्हा करता येत नाही.