बनावट चलन व बनावटीची साधने : जप्तीविषयक कायदेशीर तरतुदी

प्रस्तावना :
चलनी नोटेचे मूल्य तिच्या कागदात नसून तिच्यावरील लोकांच्या विश्वासात असते. या विश्वासाच्या रक्षणार्थ १८९९ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४८९-अ ते ४८९-ड समाविष्ट करण्यात आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे १७८ ते १८२ लागू आहेत. नोटेची जप्ती व साधनांची जप्ती यांतील भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नोटेची जप्ती :
रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, भरण्यात बनावट नोट आढळल्यास बँक तिच्यावर तसा शिक्का मारून ती जप्त करते व भरणा करणाऱ्यास पोचपावती देते. नोट परत मिळत नाही, तिचे मूल्यही मिळत नाही. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा आढळल्यास पोलिसांकडे मासिक एकत्रित अहवाल जातो. पाच किंवा अधिक आढळल्यास प्रथम माहिती अहवाल दाखल होतो.

तथापि, नोट गमावणे म्हणजे गुन्हेगार ठरणे नव्हे. कलम १८० नुसार नोट बनावट असल्याची जाणीव किंवा तसे मानण्यास कारण, आणि ती खरी म्हणून वापरण्याचा इरादा असेल तरच ती बाळगणे हा सात वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा ठरतो. सर्वोच्च न्यायालयानेही २००१ मध्ये या गुन्ह्यांत दोषी मन आवश्यक मानले आहे.

साधनांची जप्ती :
भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९७ अन्वये दंडाधिकारी झडतीचे अधिपत्र काढून बनावट नोटा, नाणी व ती तयार करण्याची साधने ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना देऊ शकतात. कलम १०५ ने झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक केले आहे. संशयित नोटा नाशिकच्या चलार्थ पत्र मुद्रणालयासारख्या ठिकाणी तपासल्या जातात आणि तेथील अधिकाऱ्याचा अहवाल कलम ३२८ अन्वये पुराव्यात घेता येतो.

न्याय संहितेच्या कलम १८१ नुसार बनावटीसाठी यंत्र वा साहित्य जवळ बाळगणे हाही आजन्म किंवा दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. त्यासाठी एकही नोट छापली गेलेली असणे आवश्यक नाही. मात्र साधा मुद्रक किंवा स्कॅनर घराघरांत असतो. म्हणून येथेही हेतू सिद्ध करावाच लागतो.

समारोप :
जप्ती वस्तूची होते, शिक्षा हेतूला होते. हा भेद सर्वसामान्यांस ज्ञात नसल्यास भीतीपोटी बनावट नोट पुढे खपविण्याचा मोह होतो आणि जाणूनबुजून तसे करताच निरपराध व्यक्ती कलम १७९ खाली गुन्हेगार ठरू शकते. म्हणून हा भेद वर्गात समजावून सांगणे अगत्याचे आहे.