उंबरठ्यावरचे जोडे

परभणी जिल्ह्यात भर पावसाळ्यात ज्याने एकदा पायी प्रवास केला आहे, त्याला जोडे घराबाहेर का काढावयाचे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गोदावरीच्या खोऱ्यातील ही काळी माती ओली झाली की तळाला अशी चिकटते, की पाऊल उचलवत नाही. तीच माती शेणाने सारवलेल्या ओसरीवर आली, तर घरच्या बाईची सकाळची मेहनत क्षणात फुकट जाते. पाहुण्याला आधी पाय धुण्यास पाणी देण्याच्या रीतीत पावित्र्याची कल्पना आहेच. पण तिच्या मुळाशी हा श्रमाचा हिशेबही आहे. ओसरीवर फरशी आली तरी ती पुसणारे हात बहुधा तेच राहिले.

लॉजमध्ये मात्र प्रवासी हा हिशेब सहज विसरतो. हजरत तुराबुल हक यांच्या उरुसासाठी फेब्रुवारीत आलेला भाविक दर्ग्याच्या दाराशी कोणी न सांगता जोडे काढतो. खोलीवर परतल्यावर तोच पलंगापर्यंत बुटांनिशी जातो. कृषी विद्यापीठात आलेले विद्वानही याला अपवाद नसावेत! भाडे भरले म्हणजे झाडणारीचे श्रमही विकत घेतले, असा हा समज.

परंतु पादत्राणे काढण्याचे सारेच प्रसंग शिष्टाचारात जमा करता येत नाहीत. महाराष्ट्रातील अनेक गावांत अस्पृश्य मानलेल्या माणसाला सवर्णांच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. तो रस्ता काही कोणाची सारवलेली ओसरी नव्हता. इंग्रज अमदानीत साहेबापुढे देशी जोडे काढण्याचा दंडक होता. विलायती बूट घालणाऱ्यास कलकत्त्याच्या सरकारने 1854 मध्ये त्यातून सूट दिली. उलट ब्रह्मदेशाच्या राजासमोर आपल्या वकिलाने बूट काढू नयेत, असे त्याच राजवटीने पुढे 1870 नंतरच्या दशकात ठरविले. स्वच्छतेचा येथे संबंधच नव्हता. कोणी कोणापुढे वाकावयाचे, एवढाच प्रश्न होता.

तो अजून पुरता मिटलेला नाही. पीककर्जासाठी आलेला म्हातारा शेतकरी कित्येकदा साहेबांच्या खोलीबाहेर चपला काढून अनवाणी आत जातो, आणि त्याच्या घरी पाहणीस गेलेला अधिकारी बुटांसह ओसरीवर चढतो. ‘राहू द्या, साहेब’ असे यजमान म्हणतो ते संकोचापोटी. ती परवानगी समजू नये. गुडघे धरलेल्या वृद्ध पाहुण्याची गोष्ट निराळी. त्याच्यासाठी दाराशी एखादे स्टूल ठेवले, तर एका पायावर तोल सांभाळीत जोडे काढण्याची त्याची फजिती टळते.